अकरा करंज्या, एक मोदक

चुकलेलं दिसलं की माझा हात आपोआप पुढे होतो. एकतीस वर्षं मुलुंडच्या एका शाळेत शिकवलं, वह्यांचे गठ्ठे घरी आणून तपासले, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड काही गेली नाही. दुसऱ्याने घडी घातलेल्या चादरीची मी परत घडी घालते. आमच्या ह्यांनी चिरलेली भाजी मी परत बारीक करते. हे वैतागून म्हणायचे, "अगं, जरा बघ तरी आधी. बरोबर असेल एखाद वेळेस." मी म्हणायचे, "बघायला वेळ कोणाला आहे?" तेव्हा आम्ही दोघंही हसायचो. आता मला त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नाही, कारण मी जे न बघता दुरुस्त करत बसले ते माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. लहानपण भांडुपला गेलं, दोन खोल्यांत. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाले की रविवारी सकाळच्या नाश्त्याला आई मटारच्या करंज्या करायची. दिवाळीतल्या गोड करंज्या सगळ्यांकडेच होतात, या तिखट. मटार जाडसर वाटून त्यात मिरची, आलं, ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर साखर. वरचं आवरण मैद्याचं, पण तेही साधं नाही. तीन मोठ्या पोळ्या लाटायच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेसून प्रत्येकीवर फासायची, तिन्ही एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि तिचे तुकडे पाडून त्यांच्या लाट्या करायच्या. अशी करंजी तळली की तिचे पदर सुटतात आणि दात लागला की कुरकुर आवाज होतो.

आई लाटायची, मी सारण भरायची आणि मुरड घालायचा तो. करंजीची कड अंगठा आणि बोटात धरून जरा दाबायची, जरा दुमडायची, पुढची घडी मागचीवर चढवत न्यायची. वेणीसारखी कड तयार होते आणि करंजी तेलात उघडत नाही. ती मुरड. मला ती कधीच जमली नाही. माझ्या हातून कड एक तर फाटायची, नाही तर लगदा व्हायचा. आई म्हणायची, "तू लांब हो गं, तुझ्या बोटांत दांडगाई आहे." तो आठ वर्षांचा असल्यापासून खाली मांडी घालून बसायचा, जीभ दाताखाली धरायचा आणि एकामागून एक बारीक मुरडी घालत सुटायचा. शेजारच्या काकू दारातून बघून म्हणायच्या, "अगं बाई, घरात घोडीएवढी पोरगी असताना मुरड पोरगा घालतोय!" मी लाजून मरायची. त्याला काही फरक पडायचा नाही.

आणि करंज्या केल्या की त्यात एक मोदक करायचाच, अशी आमच्याकडे रीत. करंज्या म्हणजे बहिणी, मोदक म्हणजे भाऊ. बहिणींना भावाशिवाय तेलात सोडायचं नाही, असं आई म्हणायची. मग शेवटच्या लाटीचा मोदक व्हायचा, त्यातही मटारचंच सारण. तो मोदक हक्काने त्याचा. आणि मी दर वेळी तो पळवून खायचे. तो "खादाड, खादाड" करत माझ्या मागे सगळ्या गॅलरीभर धावायचा.

मोठा होऊन तो ड्राफ्ट्समन झाला. पवईच्या एका कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग करायचा. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर, पण पेन्सिलीच्या दिवसांतलं त्याचं एक ड्रॉइंग त्याच्या साहेबांनी फ्रेम करून लावलं होतं. त्याला एक मुलगी, ती लग्न होऊन बंगळुरूला गेली. तो आणि भावजय भांडुपलाच राहिले, आम्ही मुलुंडला. रिक्षाने वीस मिनिटं. आई गेल्यावरही थंडीतल्या एखाद्या रविवारी तो यायचाच. आमचे हे हॉलमध्ये पेपर वाचत बसायचे आणि हा माझ्या ओट्यापाशी स्टूल ओढून मुरडी घालायचा. बाहीची बटणं काढून, बाह्या वर करून, ऐटीत. मी म्हणायचे, "साहेब, आटपा, तेल तापलंय." तो म्हणायचा, "ताई, तू फक्त तळ. डोकं चालवू नकोस."

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, निवृत्तीला सहा महिने असताना, त्याला अर्धांगवायूचा झटका आला. ऑफिसात खुर्चीवरून उठला तो कोसळलाच. जिवावरचं टळलं, पण उजवा हात गेला आणि बोलणं जड झालं. हळूहळू तो काठी घेऊन चालायला लागला. शब्द एकेक करून यायचे, मध्ये मोठ्ठी वाट बघायला लावून. हात मात्र मांडीवर पडून असायचा. तो त्याच्याकडे बघायचाच नाही. जेवताना डाव्या हाताने चमचा धरायचा आणि सांडलं की ताट लोटून द्यायचा. ज्या माणसाने आयुष्यात एक रेघ वाकडी मारली नाही त्याच्या शर्टावर आमटीचे डाग पडायचे. आणि मला रडू येण्याआधी राग येतो, हा माझा स्वभाव. मी त्यालाच ओरडायचे, "अरे, प्रयत्न कर ना! बसून काय होणार आहे?"

फिजिओथेरपी करायला एक मुलगी यायची त्याच्याकडे. चुणचुणीत होती. ती म्हणाली, बोटांना बारीक काम द्या. मणी ओवा, बटणं लावा, लहान मुलांच्या चिकणमातीचे गोळे करा. त्याने मातीचा डबा भिरकावला. म्हणाला, "बालवाडी." तेवढा एक शब्द अगदी स्पष्ट आला.

तेव्हा मला सुचलं. डिसेंबर लागला होता, मुलुंड स्टेशनबाहेर मटारचे ढीग दिसायला लागले होते. मी दोन किलो घेतले आणि भावजयीला फोन केला, "रविवारी सकाळी ह्याला रिक्षात घालून इकडे घेऊन ये. नाश्त्याला करंज्या करणार आहे." ती म्हणाली, "ताई, ते येतील का?" मी म्हटलं, "न येऊन सांगतो कोणाला!"

आला. स्वयंपाकघरातल्या डायनिंग टेबलापाशी मी त्याला बसवलं, पुढ्यात पाट ठेवला आणि भरलेली करंजी ठेवली. त्याने ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी पुढची लाटी लाटायला घेतली. बऱ्याच वेळाने त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून पाटावर ठेवला. बोटं थरथरत होती. अंगठा कडेवर यायचा आणि घसरायचा. एका करंजीला पंधरा मिनिटं लागली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आठ करंज्या झाल्या तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि आमचे हे भुकेने व्याकुळ होऊन चिवड्याचा डबा शोधत होते.

मग मी तळायला घेतल्या आणि वाट लागली. पहिल्या घाण्यातल्या चारपैकी तीन करंज्या तेलात उघडल्या. सगळे मटार कढईत, तेल फसफसून वर आलं, मटार फटाफट उडायला लागले. एक माझ्या गळ्यावर बसला. मी किंचाळले. गॅस बंद करून वळले तर तो काठी धरून उभा राहिला होता. सगळं बघितलं होतं त्याने. "रिक्षा," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, होतं असं. बस ना." तो परत म्हणाला, "रिक्षा."

पुढच्या रविवारी तो आला नाही. भावजय म्हणाली, दोन दिवस जेवलेही नाहीत नीट, फिजिओच्या मुलीलाही परत पाठवलं. मला वाटलं, झालं, बसवलं मी याला कायमचं घरी. चांगलं करायला गेले आणि असलं होऊन बसलं. मग त्याच्याकडे जाऊन त्याला चक्क दम दिला. "मैदा जुना होता, तुझी मुरड चांगली होती. मैदा बदललाय. आता ये." मैद्यात काहीही खोट नव्हती. पण तो आला.

आणि त्या दिवसापासून मी त्याच्या करंज्या परत मुरडायला लागले.

बेत साधा होता. त्याचं काम झालं की त्याला हॉलमध्ये ह्यांच्याजवळ टीव्हीपुढे बसवायचं, चहा द्यायचा, ओट्याकडे पाठ वळवायची आणि त्याने घातलेली प्रत्येक मुरड उलगडून, कड दाबून, परत घालायची. मला मुरड येत नव्हती हे सांगितलंच. पण मी शिकले. त्यासाठी आठवडाभर रोज दुपारी कणकेचा गोळा घेऊन बसायचे. चौसष्टाव्या वर्षी, त्याच्यापासून चोरून, त्याचीच कला शिकायला बसले. जमली एकदाची. बारीक नाही, जाडसर, पण तेलात टिकेल अशी. पहिल्या रविवारी माझा जीव टांगणीला लागला होता, पण एकही करंजी उघडली नाही. बशी घेऊन बाहेर गेले तर त्याने खायच्या आधी विचारलं, "फुटली... का?"

"एकही नाही," मी म्हटलं. खरंच फुटली नव्हती.

त्याने करंजी डाव्या हातात धरून फिरवून फिरवून बघितली. मग खाल्ली. दोन खाल्ल्या. आणि जाताना दारात म्हणाला, "पुढचा... रविवार." त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी ह्यांना मिठी मारली. हे म्हणाले, "त्याला कळलं तर?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत तरच कळेल."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर रविवारी तो यायचा. आठाच्या दहा करंज्या झाल्या, दहाच्या अकरा. वेळही कमी लागायला लागला. फिजिओची मुलगी परत यायला लागली. तो शर्टाची खालची दोन बटणं स्वतः लावायला लागला. मोदक मात्र मीच करायचे, कारण मोदकाला दोन्ही हात सारखे चालावे लागतात. दर वेळी त्याचा तो एकच प्रश्न आणि माझं ते एकच उत्तर. फुटली का? एकही नाही. मी स्वतःवर खूश होते. माझ्यामुळे माझा भाऊ परत माणसांत आला, असं मी सोसायटीतल्या बायकांना सांगायचे सुद्धा.

मध्ये एकदा भावजयीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, हल्ली हे माझी कणीक पळवतात हो. संध्याकाळी पोळ्यांना भिजवली की त्यातला गोळा घेऊन खिडकीशी बसतात. काय करतात कोण जाणे, जवळ गेलं की झाकून ठेवतात." मला वाटलं ही नवऱ्याची तक्रार करतेय. मी म्हटलं, "अगं, जास्तीची भिजव थोडी, काय बिघडतं?" आणि विसरून गेले.

आणखी एकदा आमचे हे पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मी करंजी उलगडत होते. ह्यांनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि हळूच म्हणाले, "अगं, ही बरी दिसतेय की. राहू दे ना." मी खेकसले, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? फुटली म्हणजे परत तीन महिने मागे जाईल तो." आणि उलगडून टाकली. ती करंजी कशी होती हे मला आज कितीही आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही. मी बघितलीच नव्हती. सुरुवातीला मी त्याची एकेक मुरड बघायचे, कुठे सैल आहे, कुठे फट आहे. नंतर नंतर हात नुसता चालायचा. उलगड, दाब, मुरड. पुढची.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. मटार निबर व्हायला लागले होते. मी त्याला म्हटलं, "या मोसमातल्या या शेवटच्या. आता पुढच्या वर्षी." त्याने अकरा करंज्या केल्या आणि बाराव्या लाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "तो मोदक आहे, मी करते." त्याने मान हलवली. लाटी स्वतःकडे ओढली. मी सारण ठेवलं आणि बघत उभी राहणार, तेवढ्यात बेल वाजली.

सासरकडचे आठ जण दारात. पनवेलहून कोणाच्या तरी साखरपुड्याला निघालेले, वाटेत सहज आले. झालं! चहा, सरबत, पोहे, एकच धांदल. अकरा करंज्यांत एवढी माणसं कशी भागणार? आणि सगळ्यांदेखत मी मुरडी कशा उलगडणार? मी सगळ्या करंज्या होत्या तशा डब्यात भरल्या आणि डबा फ्रीझरमध्ये टाकला. मनात म्हटलं, सवडीने परत मुरडू. मोदकही त्यातच होता, न बघता ठेवला. भाऊ गर्दीत अवघडला होता. त्याला बोलायला वेळ लागायचा आणि पाहुणे त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तोंड फिरवायचे. भावजय त्याला घेऊन लवकरच निघाली. मी त्याला दरवाज्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. पोहे करपत होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. स्वतः लावलेला. आजारपणानंतर तो आपणहून कोणाला फोन करत नसे, बोलायची लाज वाटायची त्याला.

"ताई... फुटली का?"

मी पसारा आवरत होते. थकले होते. तळल्याच नाहीत असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पण मी म्हटलं, "एकही नाही रे! झकास झाल्या. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या."

तो हसला. मग म्हणाला, "मोदक?"

"मोदक मी खाल्ला," मी म्हटलं.

"खादाड," तो म्हणाला. न अडखळता.

गुरुवारी सकाळी त्याला दुसरा झटका आला. दवाखान्यात पोचेपर्यंतच संपलं होतं.

त्या दिवसांचं मला फार लिहिता येणार नाही. एक गोष्ट मात्र सांगते, कारण तिचा राग अजून गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सासरच्या एक मोठ्या बाई म्हणाल्या, "आंघोळ कर, तुझं सुतक फिटलं. लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस असतं." म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा भाऊ माझा तीन दिवसांत फिटला? मी आंघोळ केली, पण त्या बाईंशी अजून बोलत नाही.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस त्या घरात कढई चढवत नाहीत. तळण नाही, फोडणीसुद्धा बेताची. चौदाव्या दिवशी सकाळी माहेरवाशिणीने येऊन पहिलं तळण काढायचं, म्हणजे घर परत रोजच्या वाटेला लागतं. मुलगी लांबून आलेली, रडून रडून अर्धी झालेली. तिने मला सांगितलं, "आत्या, तू कर. माझ्याच्याने नाही होणार." साधारण पुऱ्या तळतात. मी सांगितलं, "मी आणते काय ते."

चौदाव्या दिवशी सकाळी मी फ्रीझर उघडला. डबा बर्फाने चिकटला होता. चमच्याने खरवडून काढला, पिशवीत घातला आणि रिक्षा केली. सबंध रस्ताभर डबा मांडीवर होता. साडीतून गार लागत होता. मी मनाशी ठरवलं होतं, तिथे पोचले की सगळ्यात आधी मुरडी परत घालायच्या. त्याच्या घरात, त्या दिवशी, तेलात करंजी फुटणं मला चाललं नसतं. एवढ्या लोकांदेखत त्याची फजिती व्हायला नको होती. तो नव्हता तरी.

भावजयीने कढई चढवली. मी ओट्यावर डबा उघडला, पहिली करंजी घेतली आणि माझी बोटं आपोआप कडेवर गेली, उलगडायला. पण कड बर्फाने कडक होती, उलगडेना. तेव्हा मी पहिल्यांदा थांबले आणि बघितलं.

मुरड एका टोकाला जरा सैल होती, दोन घड्या. नंतर घट्ट. बारीक, एकसारखी, वेणीसारखी, थेट दुसऱ्या टोकापर्यंत. खाली मांडी घालून जीभ दाताखाली धरून बसायचा तेव्हाची मुरड. मी दुसरी बघितली. तिसरी बघितली. अकराच्या अकरा बघितल्या. एकीतही फट नव्हती. माझ्या जाड मुरडीहून कितीतरी चांगल्या होत्या त्या. मोदकाच्या कळ्या वाकड्या होत्या, शेंडी एका बाजूला कलली होती, पण तोंड पक्कं बंद होतं.

ओट्याच्या कडेला कणकेचा गोळा झाकून ठेवलेला होता, दुपारच्या पोळ्यांसाठी. तो दिसला आणि भावजयीचा तो फोन मला आठवला. कणीक पळवतात. जवळ गेलं की झाकून ठेवतात. आम्ही दोघंही रोज कणकेचा गोळा घेऊन बसत होतो, तो भांडुपला, मी मुलुंडला. तो आपली मुरड परत मिळवत होता आणि मी ती दर रविवारी मोडत होते. कधीपासून बरी झाली होती त्याची मुरड? जानेवारीपासून? त्याच्याही आधी? आता हे मला कोण सांगणार? बशीतली करंजी तो फिरवून फिरवून बघायचा, तेव्हा ती मुरड आपली नाही हे त्याच्या नजरेला कळत नसेल? त्याच्या? ज्याला केसाएवढी रेघ चुकलेली कळायची? मला वाटतं कळत असेल. आणि तरी तो दर रविवारी येत राहिला आणि विचारत राहिला. शेवटच्या रविवारी फोन करून विचारलं, ते का, हे आता मला कळतंय. पाहुण्यांच्या गडबडीत मला परत मुरडायला सवडच मिळाली नव्हती, हे त्याने बघितलं होतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी त्याला उत्तर दिलं ते पसारा आवरता आवरता, डबा उघडूनही न बघता.

"ताई, तेल तापलं," भावजय म्हणाली.

मी एकेक करंजी सोडली. मंद आचेवर. झारा हातात धरून कढईवर डोळे लावून उभी राहिले. चार झाल्या, आठ झाल्या. पदर सुटत होते, करंज्या फुलून वर येत होत्या, वास सगळ्या घरात भरला. अकरावी बाहेर काढली, मग मोदक सोडला. मोदक तेलात गोल फिरला, लालसर झाला आणि आला वर.

भावजयीने कढईत डोकावून बघितलं. स्वच्छ तेल होतं, एक मटार नव्हता त्यात. "ताई, एकही नाही फुटली हो," ती म्हणाली.

मी तिथेच झारा टाकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. तेरा दिवसांत रडले नव्हते एवढी. मुलगी धावत आली, तिला वाटलं तेल उडालं. काय सांगणार? माझ्या भावाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालंय आणि ते घ्यायला तो नाही, हे कसं सांगायचं असतं?

करंज्या सगळ्यांना एकेक वाढल्या. शेवटी बशीत मोदक राहिला. कोणी म्हणालं कावळ्याला ठेवा, कोणी म्हणालं फोटोपुढे ठेवा. भावजयीने माझ्याकडे बघितलं. मी तो उचलला. मोदक मी खाल्ला असं त्याला सांगितलेलं होतं. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, मी तो खाल्ला. मीठ थोडं कमी होतं. सारण माझं होतं.